वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या: दहा दिवस वापरात, बाकी वर्षभर कपाटात. कशा टिकवायच्या?

पेठेतला_कार्यकर्ता

आमच्या गणेशोत्सव मंडळाकडे १२ वॉकीटॉकी सेट आहेत. परवान्याचं सगळं रीतसर आहे, प्रश्न फक्त बॅटऱ्यांचा आहे. ८ सेटना ७.४ व्होल्ट १८०० एमएएचच्या लिथियम-आयन बॅटऱ्या आहेत, उरलेले ४ जुने, त्यांना ७.२ व्होल्टच्या निकेल-मेटल-हायड्राइड. प्रत्येक सेटला एकच बॅटरी आणि एक चार्जिंग स्टँड.

वापर उत्सवाचे दहा दिवस आणि मधे एखाददुसरा कार्यक्रम. अनंत चतुर्दशीनंतर सेट बॅटरीसकट खोक्यात भरून मंडळाच्या खोलीत माळ्यावर जातात. खोलीवर पत्रा आहे. पुढच्या वर्षी बाहेर काढले की दरवेळी तीच रडगाणी: दोन-तीन बॅटऱ्या चार्जच होत नाहीत, स्टँडचा दिवा नुसता लुकलुकतो. काही चार्ज होतात, हिरवा दिवा येतो, पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की सेट बंद. विसर्जन मिरवणुकीत तर चांगल्या बॅटऱ्याही पाच-सहा तासांत बसतात, खोक्यावर मात्र बारा तास लिहिलेलं.

दुकानदार म्हणतो, नवीन बॅटरी आधी १२ तास चार्ज करा, मग सेट पूर्ण बंद पडेपर्यंत वापरा, असं तीनदा करा. आणि ठेवतानाही पूर्ण रिकामी करूनच ठेवा, म्हणजे 'मेमरी' धरत नाही, अर्धवट वापराची सवय लागून क्षमता घटत नाही. हे बरोबर आहे का? या वर्षी नवीन बॅटऱ्या घ्यायच्याच आहेत, पण त्या निदान तीन-चार वर्षं चालाव्यात.

---

सोल्डरगन

दुकानदाराचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. तुमच्या ८ लिथियम बॅटऱ्यांना तो मारक आहे, आणि ४ निकेलवाल्यांनाही अर्धाच लागू पडतो. दोन्ही जाती वेगळ्या धरूनच बोलू.

लिथियम-आयन. तुमच्या पॅकमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, सरासरी ७.४, आणि ६ च्या आसपास ती रिकामी समजायची. आत एक छोटी संरक्षक पट्टी असते. सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, फार उतरला की ती बाहेरच्या टर्मिनलशी असलेली जोड तोडते. आता बघा काय होतं: तुम्ही बॅटरी रिकामी करून माळ्यावर ठेवली. सेल स्वतःहून महिन्याला थोडा थोडा उतरतच असतो, त्यात ही पट्टी स्वतः काही मायक्रोअँपिअर खाते, आणि बॅटरी सेटला लावलेली राहिली तर कित्येक मॉडेल बंद असतानाही किंचित प्रवाह ओढतात. रिकाम्या बॅटरीत शिल्लक काहीच नाही, त्यामुळे चार-सहा महिन्यांत सेल धोक्याच्या पातळीखाली जातो. स्टँडवर लावली की दिवा लुकलुकतो तो याचसाठी. चार्जरला समोर बॅटरीच दिसत नाही.

'मेमरी' लिथियमला धरत नाही. पहिल्यांदा १२ तास चार्ज करायचीही गरज नाही. हिरवा दिवा आला, झालं.

ठेवायची ती अर्धी भरलेली. मल्टिमीटर असेल तर सेट बंद करून बॅटरी काढा, अर्धा तास नुसती ठेवा, मग टर्मिनलवर मोजा. ७.५ ते ७.६ व्होल्ट आले की ठेवायला योग्य. मीटर नसेल तर रिकामी बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा वेळच लावा. १८०० एमएएचचा पॅक ४०० मिलिअँपिअरच्या स्टँडवर साडेचार-पाच तास घेतो, म्हणजे सव्वादोन तासांनी काढून घ्यायचा.

पूर्ण भरून का ठेवायची नाही, असं कोणी विचारेल. ८.४ वर सेलच्या आतलं रसायन सर्वांत अस्वस्थ असतं, आणि त्याला उष्णता मिळाली की क्षमता कायमची घटते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर भट्टी असते. रिकामी ठेवली तर एका वाटेने मरते, भरून तिथे ठेवली तर दुसऱ्या वाटेने. त्यामुळे पहिलं काम म्हणजे खोकं माळ्यावरून खाली आणा. कुणाच्या तरी घरी, तळमजल्यावर, भिंतीच्या सावलीतलं कपाट चालेल. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि टर्मिनल खराब होतात.

निकेल-मेटल-हायड्राइड. सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट. ही महिन्याला बरीच जास्त उतरते, साधे सेल असतील तर पहिल्या महिन्यातच पाचव्या हिश्शाच्या आसपास. हिला अधूनमधून पूर्ण उतरवून चार्ज केल्याने फायदा होतो हे खरं, पण 'पूर्ण' म्हणजे ६ व्होल्ट, सेलमागे १. सेट बंद पडल्यावरही पुन्हा पुन्हा चालू करून शेवटचा थेंब काढायचा नाही. सहा सेलमधला जो सर्वांत अशक्त असतो तो आधी शून्यावर येतो आणि बाकीचे पाच त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. त्याची ध्रुवता उलटते आणि तो सेल कामातून जातो. एक सेल गेला की पॅक गेला.

---

रात्रपाळी_कंट्रोल

सोल्डरगन यांच्याशी सहमत. माझं काम मोठ्या संकुलाच्या सुरक्षा-नियंत्रण कक्षातलं, तीन पाळ्यांत सेट चालतात, त्यामुळे थोडं चार्जिंगबद्दल.

१) चार्जिंगला लावताना सेट बंद करा. हे सगळे ऐकतात आणि कोणी करत नाही. लिथियमचा चार्जर बॅटरीत जाणारा प्रवाह कमी कमी होत गेला की 'भरली' असं समजतो. सेट चालू असेल तर तो स्वतःसाठी प्रवाह ओढत राहतो, चार्जरला शेवट सापडत नाही आणि बॅटरी तासन्‌तास ८.४ वर गरम होत बसते. निकेलच्या जलद चार्जरचं वेगळं: भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येतं ती घसरण तो शोधतो. मधेच सेटवर आवाज आला की दाब हलतो आणि चार्जर फसतो, एकतर अर्ध्यावर थांबतो नाहीतर थांबतच नाही. स्टँडवर असलेल्या सेटवरून बोलायचं तर मुळीच नाही.

२) दोन जातींचे स्टँड एकमेकांत मिसळू देऊ नका. निकेलचा सहा सेलचा पॅक चार्ज होताना ८.७ ते ९ व्होल्टपर्यंत चढतो. लिथियमला ८.४ च्या वर काहीही नको. खाच जुळली म्हणून बॅटरी बसते, पण तेव्हा तुम्ही आतल्या त्या संरक्षक पट्टीच्या एकटीच्या भरवशावर असता. स्टँड, त्याचा अडॅप्टर आणि बॅटरी या तिघांवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा: लिथियमला निळी, निकेलला लाल, काय हवं ते.

३) अडॅप्टर बदलू नका. बऱ्याच स्वस्त स्टँडना १० व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर येतो. तो हरवला की कोणीतरी राउटरचा १२ व्होल्टचा लावतं, पिन बसते म्हणून. स्टँडमधल्या रेग्युलेटरला जास्तीचा दाब उष्णतेत घालवावा लागतो, आणि ती उष्णता बरोबर बॅटरीच्या बुडाशी निघते.

४) बारा स्टँड एका एक्स्टेन्शन बोर्डावर खेटून लावू नयेत. दोन स्टँडमध्ये चार बोटं जागा, वर पंखा. उन्हातून किंवा गाडीच्या डॅशबोर्डवरून आलेली बॅटरी हाताला कोमट लागत असेल तर अर्धा तास थांबा. लिथियमला ० ते ४५ अंशांच्या बाहेर चार्ज करायचं नसतं, आणि आपल्याकडे वरची हद्द सहज गाठली जाते.

५) हिरवा दिवा आल्यावर तासा-दोन तासांत काढा. रात्रभर राहिली तर लगेच काही बिघडत नाही, पण रोज तसंच झालं तर वर्षभरात फरक दिसतो. निकेलच्या साध्या, टायमर नसलेल्या स्टँडवर तर घड्याळ लावूनच ठेवा. तो थांबतच नाही.

---

लहरी_चाळीसमीटर

मिरवणुकीत बारा तासांचे पाच-सहा तास का होतात, याचं उत्तर गणितात आहे. खोक्यावरचे तास ५-५-९० या हिशेबाने लिहिलेले असतात: ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के नुसतं थांबणं.

४ वॉटच्या हँडसेटला बोलताना साधारण १४०० मिलिअँपिअर लागतात, मोठ्या आवाजात ऐकताना ३०० च्या आसपास, थांबलेला असताना ६०. खोक्यावरच्या हिशेबाने सरासरी ७०+१५+५४, म्हणजे १३९. १८०० ला १३९ ने भागा, जवळपास १३ तास. आता विसर्जनाचा दिवस घ्या: १५ टक्के बोलणं, २५ टक्के ऐकणं, बाकी थांबणं. २१०+७५+३६ म्हणजे ३२१. साडेपाच तास. तुमच्या बॅटऱ्या पाच-सहा तास चालतात म्हणजे त्या चांगल्या आहेत!

हा आकडा वाढवायचा तर बॅटरीकडे नाही, सेटच्या सेटिंगकडे बघा.

मंडप आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्यांपुरतं काम असेल तेव्हा पॉवर 'लो' वर. १ वॉटला बोलताना ६०० च्या आसपास प्रवाह लागतो. वरच्याच विसर्जनाच्या हिशेबात हा आकडा घाला, सरासरी २०१ येते आणि तास ९ होतात. मिरवणूक लांबली, मधे उंच इमारती आल्या, की 'हाय' करा.

स्क्वेल्च (खरखर अडवणारी सेटिंग) वाढवा. एलईडी भिंती आणि जनरेटर इतका रेडिओ-कचरा ओकतात की स्क्वेल्च १ वर असेल तर रिसीव्हर सतत उघडा राहतो. कानाला खरखर ऐकू आली नाही तरी, टोन (फक्त आपल्याच गटाचे सेट ऐकू येऊ देणारा संकेत) लावलेला असेल तर, सेट आतून जागाच असतो आणि बॅटरी-सेव्ह लागत नाही. ४ किंवा ५ वर नेऊन बघा, लांबचा सेट ऐकू येतोय ना याची खात्री करून.

आपोआप चॅनेल चाळणारं स्कॅन बंद, आवाजावर आपोआप सुरू होणारं व्हॉक्स बंद. ढोल-ताशाच्या शेजारी व्हॉक्स चालू असलेला सेट म्हणजे अखंड ट्रान्समिट. टाइम-आउट ६० सेकंदांवर लावा, म्हणजे खिशात पीटीटी दाबलं गेलं तरी मिनिटात सुटेल. आणि प्रत्येकाला इअरफोन द्या. पथकासमोर स्पीकर पूर्ण मोठा करूनही काही ऐकू येत नाही, बॅटरी मात्र जाते.

पुढेमागे सेट बदलायचे झाले तर दोन टाइमस्लॉटवाले (एकच चॅनेल वेळेच्या दोन तुकड्यांत वाटणारे) डिजिटल बघा. त्यात बोलताना ट्रान्समीटर जवळपास निम्माच वेळ चालू असतो, तेवढी बॅटरी वाचते.

---

पेठेतला_कार्यकर्ता

मंडळी, हे फारच कामाचं आहे. खोकं आजच माळ्यावरून उतरवतो. आता नेमकं विचारतो: हातात असलेल्या ८ लिथियम बॅटऱ्यांतल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या, हे कसं ठरवू? मल्टिमीटर आहे. सर्व्हिस सेंटरसारखं अ‍ॅनालायझर मशीन नाही.

---

सोल्डरगन

मशीनची गरज नाही. १० ओमचा, २० वॉटचा रेझिस्टर आणा. १० वॉटचा पांढरा सिमेंटवालाही चालतो, पण चटका बसेल इतका तापतो. दोन वायरी, दोन मगर-चिमटे. रेझिस्टर फरशीवर ठेवा, टेबलक्लॉथवर नाही.

आधी प्रत्येक बॅटरीवर कायम शाईने क्रमांक टाका. बॅटरी पूर्ण चार्ज करा, तासभर ठेवा, मोकळ्या टर्मिनलवर दाब लिहून घ्या. मग रेझिस्टर जोडा आणि दहा सेकंदांनी पुन्हा मोजा. मीटरच्या सळ्या थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवा, चिमट्यावर नाही, नाहीतर चिमट्यातली घटही बॅटरीच्या नावावर जमा होईल. दोन आकड्यांतला फरक भागिले प्रवाह म्हणजे आतला रोध. प्रवाह म्हणजे जोडल्यानंतरचा दाब भागिले १०.

अशा पॅकला ०.२ ते ०.३ ओम आला तर उत्तम. ०.५ च्या वर गेला की ती मिरवणुकीला द्यायची नाही. १ च्या वर असेल तर काढून टाका.

रोध ठीक आला तर क्षमता बघा. रेझिस्टर तसाच ठेवून दर पंधरा मिनिटांनी दाब लिहा, ६.४ ला थांबवा. सरासरी प्रवाह ०.७४ अँपिअर धरला तर १८०० एमएएचची चांगली बॅटरी २ तास २५ मिनिटं टिकते. २ तासांच्या आत ६.४ वर आली तर ती ८० टक्क्यांच्या खाली गेली. सामान्यतः तिथेच बॅटरी बदलायची रेघ ओढतात. चाचणी चालू असताना जागेवरून उठायचं नाही, आणि संपली की बॅटरी लगेच अर्धी चार्ज करायची.

चाचणीला बसण्याआधी बॅटरी सपाट फरशीवर पालथी ठेवून बोटाने दाबून बघा. डुलली, किंवा सेटमध्ये बसवताना खटका लागायला जोर लागत असेल, तर ती फुगलेली आहे. तिची चाचणी नाही, चार्जिंग नाही, सरळ बाजूला.

---

पेठेतला_कार्यकर्ता

केलं सगळं. ठळक तेवढे आकडे देतो.

क्र. ३: मोकळी ८.३२, जोडल्यावर ८.०८.
क्र. ६: मोकळी ८.२०, जोडल्यावर ७.३०.
क्र. २: मोकळी ८.२८, जोडल्यावर ७.९८. पण हिच्या सेटवर पीटीटी दाबलं की सेट बंद.
क्र. ८: ०.०० व्होल्ट. स्टँडवर दिवा लुकलुकतो.
क्र. ५: फरशीवर डुलते.
१, ४, ७ साधारण ३ सारख्याच.

एक ओळखीचा म्हणाला, ८ नंबरला बाहेरून दोन मिनिटं ९ व्होल्टची बॅटरी लावून 'धक्का' दे, मग चार्जर घेईल.

---

सोल्डरगन

क्र. ३: ०.२४ भागिले ०.८०८, म्हणजे ०.३ ओम. ठेवा. १, ४, ७ पण.

क्र. ६: ०.९० भागिले ०.७३, म्हणजे १.२३ ओम. हीच ती 'हिरवा दिवा येतो पण बोलताना बंद पडते' वाली. पीटीटी दाबल्यावर १.४ अँपिअर ओढले की १.७ व्होल्ट आतल्या आत खाल्ले जातात. पूर्ण भरलेली असताना सेटला ६.५ मिळतात, कसाबसा चालतो. निम्मी उतरून ७.५ वर आली की बोलताना ५.८ उरतात, सेट झोपतो. पीटीटी सोडलं की दाब पुन्हा चढतो आणि बॅटरीच्या खुणा पूर्ण दिसतात. म्हणूनच लोक सेटला दोष देतात. काढून टाका.

क्र. २ ची बॅटरी बरी आहे, ०.३८ ओम. ती दुसऱ्या सेटला लावून बघा. तिथे चालली तर दोष पहिल्या सेटच्या संपर्क-पट्ट्यांत आहे.

क्र. ८ ला धक्का देऊ नका. कृपा करून देऊ नका. सेल फार खाली, २ व्होल्टच्या आत गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्या ठिकाणी बसतं आणि सेलच्या आतच शॉर्ट तयार होऊ शकतो. चार्जर ती बॅटरी घेत नाही, तो स्वतःचं काम चोख करतोय. धक्का देऊन चार्ज झालेली बॅटरी दोन महिन्यांनी एखाद्या पोराच्या कमरेला असेल, तेव्हा काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

---

किनारपट्टी

संपर्क-पट्ट्यांबद्दल मी लिहितो, इकडे खाऱ्या हवेत हेच मुख्य दुखणं आहे. तुमच्याकडे खारी हवा नाही पण गुलाल आहे, आणि विसर्जन ऐन पावसात. गुलालाची पूड बॅटरी आणि सेटच्या फटीत शिरते, पावसाने तिचा चिखल होतो, त्या चिखलातून प्रवाह गळतो आणि टर्मिनलवर हिरवट-काळी बुरशी धरते. चार्जिंग स्टँडच्या स्प्रिंगच्या पिना तर त्याने अडकूनच बसतात. पिन पूर्ण वर येत नाही, बॅटरी टेकल्यासारखी वाटते, दिवा कधी लाल कधी बंद.

साफ करायचं असं: स्टँडचा अडॅप्टर काढा, सेटची बॅटरी काढा. आधी कोरड्या टूथब्रशने पूड झटकून घ्या. गुलाल ओला करायचा नाही, नाहीतर तो आत मुरतो. मग कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बॅटरीची टर्मिनलं, सेटमधल्या पट्ट्या आणि स्टँडच्या पिना पुसा. कापूस पांढरा राहीपर्यंत. पिन बोटाने दाबून चार-पाच वेळा खालीवर करा. डाग हट्टी असेल तर पेन्सिलीचं साधं खोडरबर हलक्या हाताने. पॉलिशपेपर अजिबात नाही: वरचा सोन्याचा किंवा निकेलचा पातळ थर निघाला की खालचा धातू पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने गंजतो. तेल, ग्रीस, सुगंधी स्प्रे काही लावू नका.

मागे तीन किंवा चार टर्मिनलं असतील तर सगळी पुसा. दोन प्रवाहाची, उरलेल्यातलं एक बहुधा तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरचं असतं. तेवढं एक मळलं तरी काही चार्जर सुरूच होत नाहीत, आणि माणूस चांगली बॅटरी फेकून देतो.

सेट भिजला तर बॅटरी लगेच काढा. बॅटरी लावलेलीच राहिली तर ओल्या सर्किटमधून प्रवाह वाहून एका रात्रीत पट्ट्या खाऊन टाकतो. कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली दिवसभर ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची धूळच आत जाते. हेअर ड्रायरही नको.

आणि सुट्या बॅटऱ्या किल्ल्या-नाण्यांबरोबर कमरेच्या पाकिटात टाकणं बंद करा. उघड्या टर्मिनलवर किल्ली आडवी पडली की शॉर्ट.

---

पेठेतला_कार्यकर्ता

क्र. २ दुसऱ्या सेटवर मस्त चालली. पहिल्या सेटच्या पट्टीवर खरंच गुलालाची तपकिरी पापडी होती, अल्कोहोलने निघाली, आता तोही सेट बोलतोय. म्हणजे ५ बॅटऱ्या हातात राहिल्या, ३ गेल्या. त्या तिघींचं काय करू? कचरागाडीत टाकावंसं वाटत नाही.

---

रात्रपाळी_कंट्रोल

कचरागाडीत टाकूच नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि दाबलेली लिथियम पेटते.

तिन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा. फुगलेली ५ नंबर पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत, घराबाहेर किंवा गच्चीवर सावलीत ठेवा. टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही. मग अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा बॅटरी परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि त्यात अशा छोट्या बॅटऱ्याही येतात, त्यामुळे नवीन घेतानाच दुकानदाराला 'जुन्या परत घेणार का' असं विचारा.

नवीन घेताना सेटच्या कंपनीच्याच घेतलेल्या बऱ्या. दुसऱ्या घेतल्या तर भारतीय मानक ब्युरोचा आयएस १६०४६ चा शिक्का आणि त्याखालचा आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. उत्पादनाची तारीख वाचा, दुकानात दीड-दोन वर्षं पडून राहिलेली 'नवीन' बॅटरी घेऊ नका. आणि त्याच आकाराच्या, त्याच वजनाच्या पॅकवर दुप्पट एमएएच छापलेले असतील तर तो आकडा फक्त छापलेलाच आहे. वरची रेझिस्टरची चाचणी नव्या बॅटरीवर पहिल्याच आठवड्यात करा, परत द्यायची मुदत असेपर्यंत.

तुमच्या वापराला प्रत्येक सेटमागे दोन बॅटऱ्या हव्यात. साडेपाच तासांचं गणित वर आलंच आहे, विसर्जनाला एकीवर निभत नाही. वहीत क्रमांक, खरेदीचा महिना आणि दरवर्षीच्या चाचणीचे आकडे लिहा. बॅटऱ्या क्रमाने फिरवा, नाहीतर वरचीच चार नेहमी वापरली जातात आणि तळाच्या पडून मरतात.

---

लहरी_चाळीसमीटर

वर्षभराचं वेळापत्रक सणांना बांधून टाका, म्हणजे कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

अनंत चतुर्दशीनंतर दोन-तीन दिवसांत: साफसफाई, बॅटऱ्या सेटमधून काढणे, लिथियम ७.५-७.६ वर आणणे, निकेलच्या पूर्ण चार्ज करणे. टर्मिनलवर कागदी टेप. सेलोटेप नको, त्याचा डिंक उरतो. प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह.

संक्रांतीला आणि अक्षय्य तृतीयेला: लिथियम मोजा, ७.४ च्या खाली असतील तरच थोडा वेळ लावा. निकेलच्या प्रत्येक वेळी पूर्ण चार्ज.

नारळी पौर्णिमेला: सगळं बाहेर. लिथियमची रेझिस्टर-चाचणी. निकेलच्या त्याच रेझिस्टरवर ६ व्होल्टपर्यंत उतरवून पूर्ण चार्ज, असं दोन-तीनदा. वर्षभर पडून राहिलेले निकेल सेल पहिल्या फेरीत कमी क्षमता दाखवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वर येतात, त्यामुळे पहिल्याच आकड्यावर त्यांना बाद करू नका. गणपतीला त्यानंतर अडीच आठवडे उरतात, नवीन बॅटरी मागवायची तर तेवढा वेळ पुरतो.

लिथियमला पूर्ण चार्ज, चाचणी सोडली तर, फक्त वापराच्या आदल्या रात्री.

---

पेठेतला_कार्यकर्ता

वेळापत्रक छापून डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवतो. शेवटची शंका: मिरवणुकीत मधेच चार्ज करायला गाडीतल्या इन्व्हर्टरवर चार स्टँड ठेवले तर चालेल का? जनरेटरही बरोबर असतो.

---

सोल्डरगन

इन्व्हर्टरवर चालेल. चार अडॅप्टर मिळून २५-३० वॉट घेतील, छोटा इन्व्हर्टरही पुरे. जनरेटरवर टाळा: डीजेचा भार चढ-उतार करतो तेव्हा दाब हेलकावतो आणि स्वस्त अडॅप्टर तिथेच उडतात. स्टँड जनरेटरच्या धगीपासून लांब, ताडपत्रीखाली पण बंद खोक्यात नाही, आणि लावण्याआधी बॅटरीची पाठ कोरड्या फडक्याने पुसलेली. दोन तासांत निम्म्याच्या आसपास भरते. मिरवणुकीत हिरव्या दिव्याची वाट बघत बसू नका, निम्मी भरलेली घ्या आणि पुढची लावा.